बाईंचा पट

आग लागो त्या शब्दाला. पट म्हणजे खेळायचा पट, आन् पट म्हणजे शाळेच्या वहीतली पोरांची संख्या. ज्या कोण्या शहाण्यानं ह्या दोन गोष्टींना एकच नाव ठेवलं त्याला मपल्यापुढं उभा करा, उलथण्यानं हाणते का न्हाई बघा. म्हणजे राग कुठं काढायचा ते तरी कळंल. सध्या तो मपल्या मपल्यावरच काढावा लागतो.

मी कांताबाई. हिवरखोरीच्या शाळेत सात वर्षं खिचडी शिजवली. जाफराबादहून जीपनं पाऊण तास, मंग फाट्यावर उतरून पायी. वस्ती पन्नासेक घरांची. शाळा पहिली ते चौथी, खोल्या दोन, त्यातली एक गळकी म्हणून कायम कुलपात. मास्तर एकच, दुसरी जागा रिकामी होती ती रिकामीच राह्यली. आधीचे गुरुजी फोनवर बोटं फिरवीत बसायचे आन् पोरं अंगणात मातीत. कोणी काही म्हणत नव्हतं, कारण म्हणायला येळ कोणाला हाय. मंग दोन वर्षांखाली सत्यशीला बाई आल्या.

बाई पंचेचाळिशीच्या. बारीक अंग, डोळ्याला चष्मा, गुडघा दुखायचा म्हणून एक पाय जरा ओढत चालायच्या. जाफराबादला भाड्याच्या दोन खोल्यांत म्हातारे वडील, नरहर काका, त्यांना संभाळून राहायच्या. नवरा जालन्याला ऑफिसात, पोरगा अपूर्व पुण्याला शिकायला. घर तीन गावांत वाटलेलं. नरहर काका तहसिलीत कारकून होते, आन् त्यांना पावकी, निमकी, दीडकी, औटकी सगळी तोंडपाठ. बाई सांगायच्या, लहानपणी जेवायच्या आधी पाव आन् अर्ध्याचे पाढे म्हणल्याबिगर ताट मिळत नव्हतं. मला वाटलं, आता ह्या बाई आमच्या पोरांना बी उपाशी ठेवणार. पण बाई म्हणल्या, तसं शिकून मला गणिताची भीतीच बसली होती कांताबाई, ती जायला वीस वर्षं लागली.

पहिल्या महिन्यात त्यांनी पोरांची परीक्षा घेतली ती तोंडी. आकडा सांगायचा आन् पोरांनी पाटीवर लिहायचा. एकोणसाठ म्हणलं की निम्म्या पोरांनी सहावर नऊ लिहिलं. एकोणसत्तर म्हणलं की सातावर नऊ. साठ ऐकलं की सहा, सत्तर ऐकलं की सात, आन् मागं नऊ चिकटवून मोकळे. चौथीतली पोरं ही, बरं का. मी पातेलं घासत दारात ऐकून राह्यले होते. हसायला जावं तर मला तरी कुठं येत होतं. मी जन्मभर एकोणसाठ हे साठाच्या पुढंच धरत आले.

बाई रागावल्या न्हाईत. दुसऱ्या दिवशी पिशवीत गेरू घेऊन आल्या आन् खोलीच्या फरशीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, शंभर घरांचा पट आखला. दहा आडवी, दहा उभी. एकेका घरात आकडा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी जी घरं होती त्यांना चुन्याची जाड कड. सोंगट्या नव्हत्याच, पोरंच सोंगट्या. फासे म्हणून चार चिंचोके मधून फोडलेले, एका अंगानं पांढरे, एका अंगानं काळे. जितके पांढरे पडतील तितकं दान, आन् चारी काळे पडले तर आठ.

खेळ असा. रोज एक पाढा. आज सातचा दिवस असला आन् दोनचं दान पडलं तर सात दुणे चौदा घरं पुढं. पण एक-एक घर मोजत जायचं न्हाई. पंचेचाळिसावर उभं असलं तर तिथूनच मनात बेरीज करून मोठ्यानं आकडा म्हणायचा, एकोणसाठ, आन् सरळ त्याच घरात जाऊन उभं राहायचं. बोटं मोजली की डाव गेला. आन् चुन्याच्या घराचं नाव घेऊन भलत्याच घरात पाय टाकला की त्या दहाच्या पहिल्या घरात वापस. पोरं चुकायची, एकमेकांवर हसायची, भांडायची, पण खेळ सोडायची न्हाईत. दुपारची सुट्टी झाली तरी जेवायला येईनात. मला खिचडी घेऊन दारात वरडावं लागायचं.

मपली नात आकांक्षा तव्हा तिसरीत. पोरगा-सून जालन्याला, लोखंडाच्या कारखान्यात पोरगा, आन् सुनेला दुसरं बाळ झालेलं. ती सारखी म्हणायची, आकांक्षाला इकडं धाडा, बाळाला धरायला कोणीतरी पाहिजे, मला बी काम धरायचंय. मी म्हणायचे, शाळा हाय इथं, चौथी तरी होऊ द्या. शाळा होती म्हणून पोरगी मपल्यापाशी होती. शाळा न्हाई तर मपल्यापाशी दुसरं काही सांगायलाच नव्हतं. एवढं ध्यानात ठेवा, बाकीचं सगळं त्याच्यावरच हाय.

आकांक्षा पहिल्यांदा एकोणवर लई पडली. चार येळा वापस गेली तशी कोपऱ्यात जाऊन रडली. बाई तिच्याशेजारी खाली बसल्या, दुखऱ्या गुडघ्यासकट, आन् म्हणल्या, एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. साठाला एक कमी. साठ अजून आलेला नाही. पोरीनं नाक पुसलं, इचार केला आन् म्हणली, म्हणजे साठ येऊन राह्यला हाय, एक पाऊल मागं हाय. बाईंना असं काही झालं की त्यांनी तिचं तोंडच दोन्ही हातात धरलं. त्या दिवसापासून आकांक्षा कव्हाच एकोणवर पडली न्हाई. सहा महिन्यांत अशी झाली की मी रांधताना हाक मारायचे, आज एकवीस पोरं हायत, शंभर-शंभर ग्राम तांदूळ, किती गं? माझं पातेलं हलायच्या आत उत्तर. आन् खरं सांगते, पुढं पुढं मला बी यायला लागलं. डाळ शिजेपर्यंत मी बी दोन डाव खेळून घ्यायचे. बावन्न वर्षांची बाई लुगडं खोचून पटावर उड्या मारून राह्यली, आन् पोरं टाळ्या पिटून राह्यली. तसं सुख मला माहेरात बी मिळालं नव्हतं.

पण गावात सुख कोणाच्या डोळ्यात खुपंल सांगता येत न्हाई. कल्याण म्हणून एकजण शाळेच्या समितीत. त्याचा स्वतःचा पोरगा व्हॅननं इंग्रजी शाळेत जातो, तरी हा आमच्या शाळेच्या समितीत कसा, हे विचारू नका. तो एकदा खिडकीतनं डोकावला. पाहतो तर पोरं चिंचोके टाकून राह्यली आन् आठ पडले म्हणून नाचून राह्यली. संध्याकाळी पारावर जाऊन म्हणला, शाळेत पट मांडलाय, लहान पोरं दान टाकून राह्यली, आता पत्ते तेवढे राह्यले. गावात जुगाराला कोणाचं घर बुडालं न्हाई असं न्हाई, लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. कल्याणनं वर अर्ज बी दिला. बाईंना लेखी खुलासा मागितला.

बाईंनी चार पानं लिहून दिली. पण ते मनाला लावून घेतलं. दोन दिवस पट पुसून टाकला, फळ्यावर शिकवलं. पोरं गप्प बसलेली बघवंनात. मीच म्हणले, बाई, कुत्रं भुंकलं म्हणून कोणी रस्ता सोडतं का? आन् घरोघरी जाऊन मीच आयांना सांगितलं की तो जुगार न्हाई, गणित हाय, पाहिजे तर येऊन बघा. वंदना म्हणून हाय, तिचं पोरगं पहिलीत, ती आली, तासभर बघून गेली आन् जाताना म्हणली, मला बी शिकवा. लोकांचं मन साफ झालं होतं. हे मी पुन्हा सांगते, साफ झालं होतं. बाईंना मात्र ते बराबर पटलं न्हाई. त्यांच्या मनात कल्याणचा काटा राह्यला तो राह्यलाच.

त्याच्यानंतर महिन्यात तालुक्याच्या गुरुजी लोकांची बैठक झाली. बाईंनी तिथं कापडावर काढलेला पट नेला, चार गुरुजींनाच सोंगट्या केलं आन् खेळून दाखवला. म्हणे, दोन गुरुजी एकोणऐंशीवर पडले. सगळे हसले. बैठकीला मोठे साहेब होते, ते खूश होऊन म्हणले, वा बाई, एकदा तुमचा पट बघायला येतो. बाईंनी ते मला तीन येळा सांगितलं. जीपमधून उतरून फाट्यापासून शाळेपर्यंत त्या दिवशी बाईंचा पाय ओढत नव्हता. साहेबांनी येऊन बघितलं की कल्याणच्या अर्जाचं तोंड कायमचं बंद होईल, असं त्यांना वाटायचं. मला बी वाटायचं.

दिवाळी झाली. कापसाची वेचणी जोरात होती. तेवीस पोरांतली चार आईबापाबरोबर ऊसतोडीला गेल्ती. राह्यली एकोणीस. तिसरी-चौथीची आठ, पहिली-दुसरीची अकरा बारकी. एका मंगळवारी दुपारी बाईंच्या फोनवर निरोप आला. बाईंनी मला वाचून दाखवला: उद्या सकाळी साडेदहाला साहेब हिवरखोरी शाळेचा पट पाहण्यासाठी येत आहेत, तयारी ठेवावी.

बाईंनी निरोप पुन्हा एकदा वाचला. इतका आनंद झालेला माणूस मी क्वचित बघितला. लगेच कामाला लागलो. खोली सारवल्यासारखी पुसली, गेरू नव्यानं भरला, चुन्याच्या कडा ठळक केल्या. खोली एकच, आन् पटानं सगळी फरशी व्यापलेली. एकोणीस पोरं भिंतीला चिकटून उभी राह्यली तर बारकी मधी पाय घालणार. मागं एकदा वंदनाच्या पोरानं भर पटावर सू केली होती. म्हणून बाई मला म्हणल्या, "कांताबाई, लहानांना उद्या अकरानंतर पाठवायला सांगा. आधी मोठ्यांचा एक डाव नीट होऊ दे. मग तेही येऊ देत, साहेबांना सगळे दिसले पाहिजेत."

हे शब्द मला आजपण जसेच्या तसे पाठ हायत. अकरानंतर पाठवायला सांगा. सगळे दिसले पाहिजेत.

मी संध्याकाळी अकराच्या अकरा घरं फिरले. आन् काय सांगितलं? उद्या बारक्यांना सुट्टी. काऊन सांगितलं असं? घड्याळाचं सांगत बसलं तर आया म्हणणार, वेचणीला गेल्यावर अकरा वाजता पोरगं कोण धाडणार. तेवढा वाद नको, हे एक. आन् दुसरं म्हणजे, शेंबडी पोरं साहेबापुढं मला नको होती. मला पाहिजे होती मपली आकांक्षा, तेल लावून दोन वेण्या घातलेली, पटाच्या मधोमध, आन् साहेबाची नजर तिच्यावर. मधी कोणी लुडबूड करायला नको. एवढाच मपला लोभ. आजीचा लोभ म्हणून देवानं माफ करावा असं वाटतं, पण देवानं काही माफ केलं न्हाई.

बुधवारी साहेब साडेदहाच्या बी आधी आले. बरोबर एक कारकून, हातात याद्या. आठ पोरं इस्त्रीच्या कपड्यात उभी. बाईंनी नमस्कार केला आन् खेळ लावला. साहेब दारातच उभे राहून बघायला लागले. त्यांनी फोन काढून चित्रण बी केलं. त्या दिवशी आठाचा पाढा होता. आकांक्षा पस्तिसावर होती, तीनचं दान पडलं. पोरीनं डोळे बी न मिटता एकोणसाठ म्हणलं आन् तीन ढांगांत चुन्याच्या घरात जाऊन उभी राह्यली. साहेब म्हणले, वा. मपला ऊर असा भरून आला की मी पदरानं डोळे पुसले.

मंग साहेबांनी घड्याळ बघितलं आन् म्हणले, "छान उपक्रम आहे बाई. आता पट दाखवा."

बाईंना कळलं न्हाई. त्यांनी हसत हसत फरशीकडं हात केला. "हा काय साहेब. हाच पट."

साहेबांचा चेहरा बदलला. त्यांना वाटलं बाई थट्टा करून राह्यल्या. आवाज चढवून ते म्हणले, की मी हजेरीचा पट विचारतोय, मुलं किती आहेत ते मोजायला आलोय, आज पाच शाळा करायच्या आहेत मला. कमी पटाच्या शाळांची पडताळणी होती ती. बैठकीत बाईंना काय म्हणले होते ते त्यांच्या ध्यानात बी नव्हतं.

बाई पांढऱ्या पडल्या. त्यांनी वही काढून दिली. वहीत तेवीस. कारकुनानं पोरं मोजली, आठ. बाईंनी सांगितलं की चार ऊसतोडीला आहेत, आणि लहान मुलं अकरा वाजता येतायत, अगदी आत्ता येतील. साहेब म्हणले, ठीक, अकरापर्यंत थांबतो. असं म्हणून ते खुर्चीत बसले. बाईंनी मपल्याकडं बघितलं. मी काय करणार? मी पळाले. चपला बी घातल्या न्हाईत. अकरा घरांतली सात घरं कुलपात. सुट्टी म्हणून पोरांना आयांनी वेचणीला बरोबर नेलेलं. चार पोरं सापडली, दोघं उघडी. त्यांना ओढत आणत होते तर नाल्यापाशी समोरून जीप आली आन् माझ्या अंगावर धूळ टाकून फाट्याकडं गेली.

मपल्या माघारी काय झालं ते आकांक्षानंच मला सांगितलं, आन् लई खुशीत सांगितलं. अकरा वाजून दहा झाले तसे साहेब उठले. तक्ता भरायला घेतला. जाता जाता, पोरीला खूश करावं म्हणून असंल, तिला म्हणले, सांग बाळा, तेविसातून आठ गेले, किती? कारकुनाचं पेन अजून वर होतं. पोरगी म्हणली, पंधरा. साहेब शाब्बास म्हणले, तिच्या पाठीवर थाप मारली आन् गैरहजरच्या रकान्यात पंधरा लिहिलं. पोरगी मला विचारून राह्यली, आजी, मी बराबर सांगितलं ना? मी म्हणले, बिलकुल बराबर सांगितलं बाई माझे.

मी पोरं घेऊन आत गेले तव्हा बाई पटाच्या कडेला भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी त्या चार पोरांकडं बघितलं, मंग मपल्याकडं. मला वाटलं आता विचारतील, की तुम्ही काय निरोप दिला. मी उत्तर बी जुळवून ठेवलं होतं, खोटंच, पण जुळवलं होतं. त्यांनी विचारलंच न्हाई. त्या एवढंच म्हणल्या, "अकरा घरांतून एकही मूल आपणहून आलं नाही, कांताबाई. लोकांच्या मनातून ते गेलंच नव्हतं. मी उगाच समजत होते."

म्हणजे त्यांना वाटलं, कल्याणच्या जुगाराच्या बोलण्यापायी आयांनी मुद्दाम पोरं धाडली न्हाईत. साहेबापुढं आमची पोरं जुगार खेळताना दिसायला नकोत म्हणून. मी तिथंच तोंड उघडायला पाहिजे होतं. दोन शब्द. बाई, सुट्टी मी सांगितली. पण मला पुढचं दिसलं. शाळा गेली तर ती कांताबाईनं घालवली असं गाव म्हणणार, आन् पोरगा म्हणणार, आईनंच घालवली तर आता पोरीला कशापायी अडवती. मी पोरांना खिचडी वाढायला घेतली. वर आणखी एक केलं. तिसऱ्या दिवशी वंदना बाईंना विचारायला आल्ती, की परवा सुट्टी कशाची होती म्हणून. मीच तिला फाटकातनं माघारी धाडलं. म्हणले, बाईंचं डोकं दुखून राह्यलंय, नंतर ये. वंदना पुन्हा आली न्हाई, आन् बाई वस्तीत फिरायच्या बंद झाल्या. येणार, शिकवणार, जीप धरणार.

बाईंनी अर्ज केले, ते मी खोटं बोलणार न्हाई. दोन येळा जालन्याला जाऊन आल्या, ऊसतोडीची यादी जोडली, पुन्हा पडताळणी करा म्हणल्या. साहेब म्हणायचे, मी स्वतः बघितलंय, चाळीस मिनिटं थांबलोय तुमच्यासाठी. खरंच थांबले होते. जानेवारीत कागद आला: शाळा मोठ्या गावच्या शाळेत मिळवायची. त्याच आठवड्यात बाईंना प्रमाणपत्र बी आलं, उपक्रमशील शिक्षिका म्हणून, साहेबांनी केलेलं चित्रण वर आवडलं होतं. त्यावर नाव चुकलेलं होतं, शीलातली शी ऱ्हस्व. बाईंनी ते उघडून बघितलं, पुन्हा पाकिटात घातलं आन् पोरांचे दाखले लिहायला बसल्या. एकेक दाखला वळणदार अक्षरात, एक बी खाडाखोड न्हाई. आकांक्षाचा लिहिताना मात्र चष्मा काढून पुसला. मी तिथंच उभी होते. तेव्हा बी बोलले न्हाई.

मोठं गाव साडेतीन किलोमीटर. मधी नाला आन् मोठा रस्ता, त्यावर कापसाचे ट्रक. पोरं जातात काही. पोरी तिघीच जातात, पावसाळ्यात त्या बी न्हाई. मपला पोरगा कागद आला त्याच रविवारी आला. म्हणला, आई, आता काय सांगशील? मी पोरीची कापडं पिशवीत भरली. पोरगी जाताना रडली न्हाई. तिला वाटलं जालन्याला मोठी शाळा असंल, तिथं मोठा पट असंल.

चैत्रात मी जाफराबादच्या बसस्टँडवर बसले होते, जालन्यावरनं येत होते, आकांक्षाला बघून. समोरून बाई आल्या, पाय पहिल्यासारखाच ओढत. मला बघून खूश झाल्या, शेजारी टेकल्या. आता त्यांना मोठ्या शाळेत दिलंय, पाचवी-सहावीचं गणित. नरहर काका गेल्या महिन्यात वारले म्हणल्या. मंग मी विचारलं, तिथं पोरांना पट शिकवता का?

"नाही," बाई म्हणल्या. "पुस्तकातून शिकवते. पाढे पाठ करून घेते, वडील घ्यायचे तसे. ज्यांची मुलं त्यांनाच नको असेल तर आपण कोण? मला तेव्हा फार वाटायचं की आपलं बरोबर आहे." ह्या बाई, ज्यांनी फरशीवर बसून एका रडक्या पोरीला एकोण समजावलं होतं, त्या आता पोरांना पाढे पाठ करायला लावत होत्या. मपल्या एका निरोपापायी. मी बाईंकडं वळले. आत्ता सांगते, मनात म्हणले. बाई, कोण्या आईनं तुमच्या खेळाला नावं ठेवली नव्हती. अकराच्या अकरा आया पोरं धाडणार होत्या.

तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "आकांक्षा कशी आहे? कुठल्या शाळेत घातली?"

मी म्हणले, जालन्याला, नाव घातलंय चौथीत. ते खोटं न्हाई. नाव घातलंय. त्या शाळेच्या पटावर तिचं नाव हाय, हजेरी बी लागती म्हणे, त्यांना बी आपला पट राखायचा असतो. पोरगी दिवसभर एका खोलीत भावाला कडेवर घेऊन असती, आई कामाला गेलेली. मी गेले तव्हा त्याला भात भरवून राह्यली होती. विचारलं, शाळंत कव्हा जाती गं? म्हणली, बाळ जरा मोठं झालं की. मी तिला सहज एक बेरीज विचारली. तिनं बोटांवर मोजली.

हे बाईंना कसं सांगायचं? खेळाचं खरं सांगायला गेलं तर निरोपाचं निघणार, निरोपाचं निघालं की शाळेचं, आन् शाळेचं निघालं की पोरीचं. असं मी स्वतःला समजावते. खरं इतकंच की मी तिथं बी भ्याले.

बाईंचा चेहरा उजळला होता. त्यांनी मपल्या हातावर हात ठेवला. "बरं झालं कांताबाई. ती पुढं जाणार. बाकी काही नाही, पण त्या एका मुलीला तरी माझा उपयोग झाला."

मी म्हणले, व्हय बाई, झाला की.